कागदाएवढी जागा

१

गिअर बसवताना मध्ये कागदाची पट्टी धरायची, हे रोहायाला कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईच्या बोटांना दोन थरांत किती जागा सोडायची ते आपोआप कळतं. इंजिनचा लहान लोखंडी गिअर मोठ्या प्लास्टिकच्या गिअरला भिडवायचा, दोघांच्या मध्ये कापड बेतण्याच्या पातळ कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर सारख्या चुण्या पडल्या की काम झालं. कागदाएवढी जागा जास्त झाली तर दात झडतात. कमी झाली तर बेअरिंग रडायला लागतं आणि इंजिन ऐन शर्यतीत मान टाकतं.

ही विद्या तिने नवऱ्याच्या खेळण्यावर कमावली होती. कामारुलचं खेळणं म्हणजे रिमोटवर पळणारा ट्रक. आकार मांजराएवढा, पण आवाज मोटारसायकलीचा, आणि टाकीत नायट्रो, म्हणजे एरंडेल मिसळलेलं गुलाबी इंधन. कंपार गावामागे बंद पडलेल्या कथलाच्या खाणींची पांढरी वाळू होती. तिथे दर शनिवारी शर्यती व्हायच्या. एका ट्रकमागे माणसं दोन. एक लाकडी माचीवर उभा राहून रिमोट चालवणारा, दुसरा खाली गाडी सांभाळणारा मिस्त्री. कामारुल माचीवर आणि रोहाया खाली, डोक्यावर तुडुंगचा रुमाल, गुडघ्यांवर एरंडेलाचे डाग. सुरुवातीला अख्खा क्लब हसला. पुढे त्याच क्लबातले बाप्ये आपापल्या गाड्या घेऊन तिच्या चटईपाशी रांग लावायला लागले, तेव्हा हसायची पाळी तिची होती.

नियम एकच होता. रिमोटवाल्याने स्क्रूला हात लावायचा नाही. कामारुलने हा नियम आनंदाने मान्य केला होता आणि दर आठवड्याला मोडला होता. गिअर घट्ट बसवले की गाडी जोरात पळते, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हरला की दोष गिअरचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. रोहाया दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजाला आत गेली की हा पाना घ्यायचा, इंजिन दोन केस पुढे सरकवायचा आणि साळसूदपणे पेपर वाचत बसायचा. ती बाहेर येऊन एका बोटाने चाक फिरवायची आणि तिला लगेच कळायचं. नवऱ्याला ती बांग म्हणायची.

"बांग, हात लावलात ना?"

"कशाला?"

"कशाला ते मी अजून म्हटलंच नाही."

त्यावर तो पेपरामागे हसायचा. वीस वर्षं हेच भांडण त्यांनी मोठ्या प्रेमाने जपलं होतं.

दोन वर्षांपूर्वी चहा पिता पिता कामारुल खुर्चीतच गेला. ट्रक रोहायाने स्वतःच क्लबातल्या एकाला देऊन टाकला. डोळ्यांसमोर नको, म्हणाली. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून तिला त्या ट्रकची उणीव भासायला लागली.

२

चोंग अंकलचं दुकान म्हणजे जुन्या वस्तूंची धर्मशाळा. पंखे, रेडिओ, मासे पकडायच्या काठ्या. रोहाया तिथे बॅग घ्यायला गेली होती. तिची मुलगी नादिरा जोहोरला असायची. शाळांना सुट्टी लागली की ती येणार होती, आईला कायमचं घेऊन जाणार होती, आणि हे घर भाड्याने द्यायचं होतं. रोहाया या सगळ्याला "बघू" म्हणाली होती. तिचं बघू म्हणजे होय, हे नादिराला ठाऊक होतं.

बॅगांच्या ढिगामागे तो ट्रक उताणा पडला होता. कामारुलच्या ट्रकच्याच जातीचा, निळ्या रंगाचा.

"मागची चाकं फिरत नाहीत, काक," चोंग अंकल गल्ल्यावरूनच बोलला. गावातल्या सगळ्या बायकांना तो काक, म्हणजे ताई, म्हणायचा. "आतले दात गेलेत. तुला कशाला तो?"

"कापड तर नाहीच शिवणार त्याच्यावर."

"नातवंडासाठी?"

"माझ्यासाठी, अंकल. जायच्या आधी एक शेवटचं काम करावं म्हणते. हात शिवशिवतात."

म्हातारा गल्ल्यामागून उठला. मग त्याने ट्रक वर्तमानपत्रात गुंडाळला, रिमोट वेगळा बांधला, आणि पिशवी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली. तिला ते थोडं चमत्कारिक वाटलं. पण म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा असतात.

३

स्वयंपाकघरामागच्या पडवीत शिवणयंत्र होतं. तिथल्या मेणकापडावर तिने ट्रक उघडला. मोठ्या गिअरचे एका बाजूचे दात साफ झडले होते. क्लचचं बेअरिंग गंजून बसलं होतं. मागच्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणाऱ्या त्या लहानशा डबीत, वाळू आणि तेलाचा चिखल होता. शाफ्टची टोकं झिजून गोल झाली होती. रोहायाच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती कामाला लागली. जुन्या डब्यात कामारुलने जमवलेले सुटे भाग अजून होते. ते काही तिने दिले नव्हते. सुट्या भागांचं कुणाला दुःख होत नाही. रॉकेलमध्ये सगळं धुतलं, मोठा गिअर आणि बेअरिंग बदललं, डबी पुसून तिच्यात नवं पातळ तेल घातलं. एरंडेलाचा तो गोडसर जळका वास धातूत मुरलेला असतो, तो पडवीभर पसरला. ती मध्येच थांबून तो वास घेत बसे. कितीतरी शनिवार त्या वासात होते. केळीच्या पानातला भात, माचीवरून हात हलवणारा कामारुल, धुळीने पांढरी झालेली नादिराची शाळेची वेणी.

शेवटी तिने कागदाची पट्टी घालून गिअर बसवले. चाक फिरवलं. मोकळं, हलकं, जसं हवं तसं. एवढ्यात अजान झाली. ती हात धुऊन आत गेली, नमाज आटोपून परत आली, आणि सवयीने एका बोटाने चाक फिरवलं.

चाक जड फिरलं.

तिने पुन्हा फिरवलं. गिअर एकमेकांवर घासत होते. इंजिन दोन केस पुढे सरकलेलं होतं. इंजिन धरून ठेवणारे चारही स्क्रू खालच्या बाजूने पक्के होते.

रोहायाने डोकं चालवलं. नवा प्लास्टिकचा गिअर उकाड्याने फुगला असेल. किंवा आपणच पट्टी तिरकी धरली असेल. डोळे काही आता पहिल्यासारखे नाहीत. तिने स्क्रू सैल करून पुन्हा पट्टी घातली. पण मनातून तिला माहीत होतं. थरथरीने स्क्रू सैल पडतात. आपोआप आवळला गेलेला स्क्रू जगात कुणी पाहिलेला नाही.

४

दुसऱ्या दिवशी तिने शिंपिणीची युक्ती केली. कापडावर खूण करायचा निळा खडू घेतला आणि इंजिनच्या पायापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग पडवीचं बाहेरचं दार आतून लावून नमाजाला उभी राहिली.

तिची नमाजाची जागा अशी होती, की स्वयंपाकघराचं दार डाव्या हाताला येई आणि त्यातून पडवीतल्या टेबलाचा अर्धा भाग दिसे. ती दुसऱ्यांदा कपाळ टेकून उठत होती, तेव्हा आवाज आला. बारीक, कोरडा. पाना स्क्रूच्या खाचेत बसताना होतो तो. मग थोडी शांतता. मग पुन्हा तोच.

नमाजात मान वळवता येत नाही. तिने शब्द सोडले नाहीत, पण ते जिभेवरून नुसते घरंगळत होते. स्क्रू चार होते आणि चारही आवाज तिने ऐकले. शेवटी सलाम करायची वेळ आली. आधी उजवीकडे मान, मग डावीकडे. उजवीकडचा सलाम तिने नीट केला. डावीकडे वळताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले. पाना मेणकापडावर ठेवल्याचा आवाज झाला. अगदी हलक्या हाताने, घरात कुणी झोपलेलं असल्यावर ठेवतात तसा.

ती बराच वेळ चटईवर बसून राहिली. मग उठली. खडूची रेघ मधून तुटली होती आणि तिची दोन टोकं दोन केसांएवढी एकमेकांपासून सरकली होती.

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला आला तो राग, तोही जुना, घरचा राग. तो तोंडावाटे बाहेर पडला तेव्हाच तिला तो ओळखू आला.

"बांग, हात लावलात ना?"

पडवीत कुणी नव्हतं. छपरावरून पाण्याचे थेंब गळत होते. रोहाया टेबलाशी बसली आणि तुडुंगच्या टोकाने तोंड दाबून हसली, आणि मग हसता हसता रडली. दोन वर्षांत तिला असं मोकळं रडू आलं नव्हतं.

त्यानंतर तिने मुद्दाम गिअर सैल बसवायला सुरुवात केली. रोज असरला ती आत जाई आणि रोज बाहेर येऊन घट्ट झालेलं चाक फिरवून बघे. मग टेबलाशी बसून बोलत राही. शेजारणीच्या सुनेचं, वाढलेल्या भाजीचं, नादिराच्या नव्या नोकरीचं. एके दिवशी तिने चहाचा दुसरा कप भरून टेबलाच्या पलीकडे ठेवला. तो तसाच गार झाला. पण कामारुलचे कप जिवंतपणीही अर्धे गारच व्हायचे.

"मा, बॅगा भरायला घेतल्यास का?" नादिराने फोनवर विचारलं.

"घेईन."

"घेईन काय? येत्या रविवारी मी येतेय. भाडेकरूला शब्द दिलाय मी."

"दिरा, समज मी नाहीच आले तर?"

"म्हणजे? एकटी राहणार तिथं? बाथरूममध्ये पाय घसरला तर कळणार कुणाला?" नादिरा थांबली. "तुझा आवाज वेगळा येतोय. कुणी आलंय का घरी?"

"कोण येणार माझ्याकडे," रोहाया म्हणाली आणि फोन धरूनच पडवीकडे बघत राहिली. तिने ठरवून टाकलं होतं. ज्या घरात नवरा रोज दुपारी येतो, ते घर सोडून कुणी जातं का?

५

पुढचं डिफरन्शिअल तिने शेवटी काढलं. तेही धुतलं, तेल भरलं, परत बसवलं, आणि गाडी टेबलावर ढकलली तर ती जागची हलेना. रोहायाने कपाळावर हात मारला. त्या डबीतला मोठा गिअर डावीकडेही बसतो आणि उजवीकडेही. उलटा बसला की पुढची चाकं मागे जायला बघतात आणि मागची पुढे, आणि गाडी स्वतःशीच भांडत उभी राहते. या खेळातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी खाल्लेला हा मार. तिने वीस वर्षांत तो खाल्ला नव्हता. आज बोलण्याच्या नादात खाल्ला.

"बघा, तुमच्यामुळे," ती समोरच्या कपाला म्हणाली. अजान झाली होती. आता सगळं पुढचं अंग पुन्हा उघडायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. ती गाडी तशीच ठेवून आत गेली.

त्या दिवशी नमाजात पान्याचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही. ती निराश होऊन बाहेर आली. टेबल पुसायला गाडी बाजूला सारली, तर गाडी घरंगळत पलीकडच्या कपाला जाऊन टेकली.

रोहाया फडकं हातात धरून उभी राहिली. गाडीची चारही चाकं एकाच दिशेने फिरत होती.

पहिल्यांदा तिला हसूच यायला लागलं. कामारुल आणि डिफरन्शिअल! त्याला सुईत दोरा ओवता यायचा नाही. त्या डबीला तो सैतानाचं पोट म्हणायचा आणि ती उघडली की खोलीतून निघून जायचा. जिवंतपणी जे त्याला जमलं नाही, ते मेल्यावर शिकला की काय? हा विचार तिच्या मनात आला आणि तिचं हसू ओठांवरच थांबलं.

तिने पाना घेतला आणि पुढचं अंग उघडलं. प्रत्येक स्क्रू सारखाच आवळलेला होता, ना कमी ना जास्त. वायसर सगळे एकाच बाजूने बसवलेले. डबी उघडली. तिने भरलेलं पातळ, स्वच्छ तेल आत नव्हतं. त्याच्या जागी काळं, दाट काहीतरी काठोकाठ भरलं होतं. ग्रीसच म्हणायचं, पण त्याला ग्रीसचा वास नव्हता. खूप दिवस बंद असलेली खोली उघडल्यावर येतो तसला वास होता. आणि त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता. रुंद, सपाट, रेघा नसलेला.

काम तिच्यापेक्षा चांगलं होतं. तिच्या अंगावर काटा आला तो त्या ठशाने नाही, या गोष्टीने. एवढं चांगलं काम कामारुलच्या हातून होणं शक्य नव्हतं. मग रोज गिअर घट्ट करणारा तरी कामारुलच कशावरून? तिनेच आधी त्याला हाक मारली होती. समोरून कुणी होय म्हटलं नव्हतं.

आठवडाभर ती कुणालातरी शेजारणीच्या गोष्टी सांगत होती. कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं. चहाच्या कपाकडे तिने पाहिलं. तो गार झाला होता, पण आज अर्धाच भरलेला होता. आपण तो अर्धाच भरला होता का, हे तिला काही केल्या आठवेना.

६

"परत घेत नाही मी," ती दुकानात शिरताच चोंग अंकल म्हणाला. पिशवीही त्याने पाहिली नव्हती, कारण पिशवी तिने आणलीच नव्हती.

"परत कोण देतंय? आधी कुणाची होती ती गाडी?"

"पहिली कुणाची ते मला माहीत नाही. सामानाच्या ढिगात आली. मग एका शाळामास्तराने नेली. मग बेकरीवाल्याने. मग तो रेल्वेतला, बायको गेलेला."

"आणि सगळ्यांनी परत आणली?"

"सगळ्यांनी."

"काय तक्रार होती त्यांची?"

"तक्रार नाहीच कुणाची," म्हातारा चष्मा पुसत म्हणाला. "चांगली चालते, म्हणाले. उत्तम चालते. आणि ठेवून गेले. पैसेपण मागितले नाहीत. इथं राहिली की महिन्याभरात पुन्हा मोडते. का मोडते ते मला विचारू नकोस, मी शिकलेला मिस्त्री नाही."

रोहाया काउंटरला धरून उभी राहिली. "तो रेल्वेतला काही बोलला का?"

"ठेवताना बोलला. म्हणाला, अंकल, जे कुणी होतं त्याला मी फार दिवस माझ्या बायकोच्या नावाने हाक मारली." चोंग अंकलने चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्याकडे नको बघू, काक. माझं ऐक आणि पोरीकडे जा. गाडी नदीत टाक नाहीतर दारात ठेव, पण तू जा."

घरी येताना ती झपाझप पाय उचलत होती. दार उघडलं तेव्हा मात्र ती उंबऱ्याशीच थांबली. घर शांत होतं. कामारुल गेल्यानंतरची दोन वर्षं ज्या शांततेने ती जेवायला बसली, झोपली, उठली, तीच ही. त्या शांततेपेक्षा तिला पान्याचा आवाज बरा वाटत होता. तिला स्वतःचा फार राग आला.

७

शनिवारी दुपारी तिने मोटारीच्या डिकीत ट्रक, इंधनाची बाटली आणि रिमोट टाकले आणि खाणीवर गेली. एकदा चालवून बघायची, मग तिथेच खाणीत साचलेल्या पाण्यात फेकून द्यायची आणि उद्या नादिराबरोबर जायचं, असं तिने ठरवलं होतं. चालवून न बघता फेकणं तिच्याने होणार नव्हतं. दुरुस्त केलेली वस्तू चालू न करता टाकणारा मिस्त्री अजून जन्माला यायचाय.

कामारुलच्या मागोमाग क्लबही बंद पडला होता. वाळूवर लालांग गवत माजलं होतं, पण वळणं अजून ओळखू येत होती. लाकडी माची पलीकडच्या टोकाला तिच्या गंजक्या छपरासकट उभी होती. ती वर चढली, रिमोट चालू करून कठड्यावर ठेवला आणि खाली आली. कामारुल नेहमी जिथे उभा राहायचा त्याच जागी तिने तो ठेवला होता. हे खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं.

दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. तो आवाज, तो वास, बोटांतून खांद्यापर्यंत चढणारी ती थरथर. रोहायाने सवयीने ट्रक दोन्ही हातांनी उचलून हवेत धरला. गाडी जमिनीवर ठेवण्याआधी माचीवरचा माणूस थ्रॉटल दोनदा दाबतो, त्याच्या त्या दोन गुरगुरण्यांचा अर्थ, तयार आहे, सोड. कामारुलची दोन्ही गुरगुरणी आखूड असायची, घाई झाल्यासारखी.

हातातला ट्रक एकदा गुरगुरला. सावकाश. चाकं हवेत फिरली, थांबली. मग खूप वेळाने पुन्हा एकदा, तितक्याच सावकाश.

जवळपास दुसऱ्या कुणाचा रिमोट असेल, ती स्वतःला म्हणाली. लहरी एकमेकांत घुसतात. पूर्वीही व्हायचं. मग तिने मान वर केली.

छपराची सावली माचीवर दाट पडली होती आणि मागे ऊन होतं, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. कठड्यापाशी कुणीतरी उभं होतं. कोपर अंगाशी धरलेलं. रिमोटच्या एरिअलची काडी पूर्ण बाहेर ओढलेली होती, आणि ती रोहायाने ओढली नव्हती. पण शिंपिणीचं लक्ष गेलं ते खांद्यांकडे. मोटारसायकलवरून पडल्यापासून कामारुलचा उजवा खांदा उतरलेला होता. तीस वर्षं तिने त्याच्या प्रत्येक सदऱ्यात तिकडे एक थर जास्त घातला होता. माचीवरचे खांदे सरळ होते. टोकापासून टोकापर्यंत, हँगरवर टांगलेल्या सदऱ्यासारखे सरळ.

तो कामारुल नव्हता. आता यात शंकेला जागा उरली नव्हती.

पाण्याचा काठ दहा पावलांवर होता. तिच्या हातात ट्रक थरथरत होता. फेकला असता तर संपलं असतं. रोहाया वाकली आणि तिने तो वाळूवर ठेवला.

ट्रक सुटला. गवतातून पांढरी धूळ उडवत पहिल्या वळणाला गेला, न घसरता वळला, उंचवट्यावरून उडाला आणि चारही चाकांवर अलगद उतरला. कामारुल असा कधीच चालवू शकला नसता. तो तिथे उलटायचा, दर वेळी, आणि गिअरला शिव्या द्यायचा. ती बघत राहिली. गिअरचा आवाज एकसारखा होता, कुठे घासत नव्हतं, कुठे सुटत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते कामारुलसाठी होते की इतक्या दिवसांनी आपली दुरुस्ती पळताना दिसली म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं.

पर्समध्ये फोन वाजला.

"मा, मी आजच निघालेय. संध्याकाळपर्यंत पोचते. बॅगा दाराशी आणून ठेव."

"नको येऊस, दिरा."

"म्हणजे?"

"मी इथंच राहणार आहे."

"पुन्हा तेच. मा, बाबा गेले. तिथं तुझं कोण राहिलंय आता, सांग बरं मला?"

रोहायाने माचीकडे पाहिलं. ट्रक तिच्या पायाशी येऊन थांबला होता आणि इंजिन हळू आवाजात चालू होतं. माचीवर आता कुणी नव्हतं. जिन्याच्या फळ्या मात्र एकेक करून वाजत होत्या, वरून खाली.

"नाव माहीत नाही," ती म्हणाली आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

तिने इंजिन बंद केलं आणि ट्रक फडक्याने पुसून डिकीत ठेवला. मागे वळून पाहिलं नाही. गवतातून सावकाश पावलं येत होती, घाई नसलेली. रोहाया मोटारीच्या पुढच्या डाव्या दाराशी गेली, ते उघडून धरलं आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने सीट कुरकुरली आणि गाडी त्या बाजूला किंचित खाली बसली. तिने दार लावलं, वळसा घालून स्वतःच्या जागेवर जाऊन बसली, आणि काच खाली करून घराकडे निघाली.